हेडलाइन वाचता येते, खालचं नाही

ताईच्या पोटात नळी बसवली त्याला आता बरीच वर्षं झाली. ही माझी सख्खी मोठी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच रिटायर झाली. शुगर तिला चाळिशीतच लागली होती, ती हळूहळू किडनीपर्यंत पोहोचली. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक तर दर दोन दिवसांनी हॉस्पिटलात जाऊन मशीनवर रक्त स्वच्छ करून घ्यायचं. नाहीतर पोटात कायमची नळी बसवायची आणि घरच्या घरी, दिवसातून चार वेळा, पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं. काही तासांनी रक्तातला कचरा त्या पाण्यात उतरला की ते काढून टाकायचं आणि नवीन भरायचं.

"मला रोज उठून कोणाच्या दारात बसायचं नाही," ताई म्हणाली. "घरीच कर."

"कर" मला उद्देशून होतं. हॉस्पिटलातल्या नर्सने मला शिकवलं आणि मी शिकलो.

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या आमच्या घरात वरची खोली त्या कामासाठी रिकामी केली. काम तसं अवघड नाही, पण त्यात एक जागा फार वाईट आहे. जुनी पिशवी सोडून नवी जोडताना नळीचं टोक काही क्षण उघडं राहतं. त्या टोकाला बोट लागलं, धूळ लागली, की जंतू सरळ पोटात. म्हणून त्या वेळी दार-खिडक्या बंद, पंखा बंद, कूलर बंद, तोंडावर मास्क. जानेवारीत याचं काही वाटत नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात बंद खोलीत, बंद पंख्याखाली बसून बघावं म्हणजे कळेल. घाम नाकावरून मास्कमध्ये उतरतो आणि हात मात्र हलू द्यायचा नसतो.

पोटातून निघालेलं पाणी फिकट पिवळं, आरपार दिसणारं असलं की सगळं ठीक. ते तांदळाच्या धुवणासारखं दिसलं तर पोटात जंतू गेलेत. मग थांबायचं नसतं. ती पिशवी घेऊन तसंच हॉस्पिटल गाठायचं असतं.

अशी नळी सांभाळणाऱ्या घरांचा इंटरनेटवर एक हिंदी फोरम आहे. पहिल्या वर्षी मी तिथे नुसते प्रश्न विचारत होतो. मग कधीतरी उत्तरं द्यायला लागलो. मी इंदरगंजात एका वकिलाकडे अर्ज-दाव्यांचं ड्राफ्टिंग करतो. लिहायची सवय आहे, टायपिंगला हात चालतो. लोक आभार मानायचे, बरं वाटायचं.

पण उत्तर देणं वेगळं आणि समोरच्याला ते कळणं वेगळं, हे तिथेच लक्षात आलं. एकाने विचारलं होतं, पाण्याची पिशवी गरम कशी करायची. थंड पाणी पोटात गेलं तर पेशंट कुडकुडतो, म्हणून ती अंगाइतकी कोमट करावी लागते. दुसऱ्या एका सभासदाने उत्तर दिलं, "ड्राय हीट दीजिए, पानी में मत डुबोइए." उत्तर अगदी बरोबर होतं. त्या बिचाऱ्याने पिशवी तव्यावर ठेवली. प्लास्टिक तव्याला चिकटल्याचा फोटो त्याने टाकला तेव्हा कुणी हसलं, कुणी रागावलं. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलातली गरम करायची पेटी होती आणि विचारणाऱ्याच्या हाताशी तवा होता.

तेव्हापासून मी आधी माणूस ओळखायला लागलो. नवा माणूस "पाणी" म्हणतो. वर्षभर केलेला "फ्लुइड" म्हणतो. हॉस्पिटलातला माणूस "एफ्लुएंट" म्हणतो. नव्याचा प्रश्न लांबलचक असतो, त्यात आजी, भाचा आणि कोणत्या गाडीने हॉस्पिटलात गेलो तेही येतं. मुरलेला माणूस आधीच काय काय तपासून बघितलं ते सांगतो आणि उरलेलं तेवढं विचारतो. नव्याला मी एका वेळी एकच गोष्ट सांगायचो आणि ती करून झाली का ते विचारायचो. मुरलेल्याला दोन ओळी पुरायच्या. हे मला छान जमतं, असं मला वाटत होतं. ताईलाही मी तसं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "असेल."

त्या मे महिन्यात कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे मी दुपारी घरीच होतो. जेवण झालं होतं. बायको खासगी बाजार या मोहल्ल्यात तिच्या बहिणीकडे गेली होती आणि ऊन उतरल्याशिवाय परत येणार नव्हती. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा, सुटली होती. मी कूलरसमोर बसून फोनवर फोरम उघडला तर एक नवा प्रश्न आलेला. विचारणाऱ्याने नावाच्या जागी नुसते आकडे टाकले होते. प्रश्न मला अजून जसाच्या तसा आठवतो.

"सीएपीडी पेशंट। सुबह का एफ्लुएंट हल्का क्लाउडी। फ़ीवर दर्ज नहीं। ड्रेन के अंत में खिंचाव, करवट लेने पर कम। दो क्विक फ्लश देकर कल सुबह तक ऑब्ज़र्व करना ठीक रहेगा?"

म्हणजे पोटात नळी असलेला पेशंट आहे, सकाळी निघालेलं पाणी थोडं गढूळ आहे, ताप नाही, पाणी निघता निघता शेवटी पोटात ओढल्यासारखं होतं, तर पोट दोनदा भराभर धुऊन उद्यापर्यंत वाट बघितली तर चालेल का.

माझा अंदाज लगेच झाला. हा माणूस आतला आहे. नवा डॉक्टर असेल, नाहीतर वॉर्डातला टेक्निशियन. मी त्याच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या: काउंट आणि कल्चर या जंतूंच्या तपासण्यांना पाणी पाठवा, अँटिबायोटिक आजच सुरू व्हायला हवं, वाट बघणं योग्य नाही.

खाली आणखी कुणीतरी लिहिलं, "सर, आप तो ख़ुद डॉक्टर लगते हैं, हम क्या बताएँ."

उत्तर आलं, "क्लाउडी है या नहीं, यही पक्का नहीं है।"

इथे मी थबकलो. आतल्या माणसाला गढूळ आणि स्वच्छ यांतला फरक कळत नाही? आणि यासाठी तर अगदी साधी परीक्षा आहे, पहिल्याच दिवशी शिकवतात. भरलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि तिच्यातून अक्षरं वाचायची. वाचता आली तर पाणी स्वच्छ.

मी हिंदीतच विचारलं, "पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून बघितलीत का?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "हेडलाइन पढ़ी जा रही है। नीचे का नहीं।"

मोठी अक्षरं दिसतात आणि बारीक दिसत नाहीत, म्हणजे पाणी गढूळच. याला ते कळायला हवं होतं. मी माझा अंदाज बदलला. हा आतला माणूस नाही. घरात कुणाची तरी फाइल आहे, त्यातले शब्द उचलून लिहितो आहे. असे लोक असतात. बोलणं डॉक्टरांसारखं असतं आणि हात कालच्या नवशिक्याचे. त्यांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण फोरमवरचे बाकीचे लोक त्यांना मोठं समजून गप्प बसतात.

मग मी नव्या माणसाला लिहितो तसं लिहिलं. सावकाश, एकेक करून. घाबरू नका. हात साबणाने धुवा. मास्क लावा. गढूळ पिशवी फेकू नका, ती बरोबर न्यायची आहे. नळीला टोपी नीट लावली आहे ना ते बघा. पेशंटला आता लगेच हॉस्पिटलात न्या. पेशंटबरोबर घरात आणखी कोण आहे?

उत्तर एकाच ओळीचं आलं. "मास्क लगाना मुझे मत सिखाइए।"

त्या आकड्यांपुढचा हिरवा ठिपका विझला. फोरमवर माणूस असला की हिरवा ठिपका दिसतो. मी लिहिलं, माफ करा. पुन्हा लिहिलं, निदान पेशंट कसा आहे ते कळवा. ठिपका विझलेलाच राहिला.

कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी बंद खोलीत, एक माणूस पोटात जंतू घेऊन पडला आहे आणि त्याचा जो कोणी सांभाळणारा आहे, त्याला मी दुखवून पळवून लावलं, असं मला दिसत होतं. पत्ता नाही, नाव नाही, गाव नाही. अशा वेळी फोरमवर काहीच करता येत नाही. नुसतं बसून राहायचं.

तेवढ्यात वरून ताईने हाक मारली. तिच्या दुपारच्या पिशवीची वेळ झाली होती.

फोन खाली ठेवून मी वर गेलो. त्या खोलीत फोन नेत नाही. दार लावलं, पंखा बंद केला, हात धुतले. ताई खुर्चीत बसली होती. पोटातलं पाणी खालच्या पिशवीत उतरायला लागलं. मी रोजच्यासारखं काम करत होतो, पण कान खाली लागले होते.

"आज तुझे हात घाई करून राहिले आहेत," ताई म्हणाली. आमच्या घरची मराठी अशीच आहे, निम्मी इकडची, निम्मी तिकडची.

"काही नाही."

"काही नाही तर हळू कर. माझं पोट आहे हे."

मी थांबलो. पुन्हा हात धुतले. नवं पाणी भरून झालं, टोपी लावली, पंखा सुरू केला, खिडकी उघडली तेव्हा मग सांगितलं. ताईने डोळे मिटले आणि म्हणाली, "फोन घेऊन ये आणि सगळं वाचून दाखव. तुझं सोड, त्याचं वाच."

मी खालून फोन आणून वाचलं. ती म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. "ड्रेन के अंत में खिंचाव, करवट लेने पर कम," इथे तिने हात वर केला.

"हे त्याला कसं कळलं?"

"पेशंटने सांगितलं असेल."

"पेशंट सांगतो, दुखतंय. मी तुला काय सांगते? दुखतंय, एवढंच ना? पाणी संपत आलं की आत नळी चिकटल्यासारखी ओढते आणि कुशीवर झालं की सुटते, हे मी तुला कधी सांगितलं?"

तिने खरंच कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी तिचं पाणी काढतो आहे आणि मला ते माहीत नव्हतं.

"हे बाहेरून दिसत नाही रे," ताई म्हणाली. "याला कोणी सांभाळणारा नाही. जो लिहितो आहे तोच पेशंट आहे. आणि तू विचारतोस, पेशंटबरोबर घरात कोण आहे. काय सांगणार तो?"

मी पुन्हा ते संदेश बघितले. शेवटच्या "मुझे"खेरीज एकाही वाक्यात "मी" नव्हता. "दर्ज नहीं", "पढ़ी जा रही है". बाई आहे की पुरुष, तेही कळू नये असं सगळं लिहिलेलं. अर्ज-दाव्यांत मी स्वतः दिवसभर हेच लिहितो, म्हणून मला ते खटकलं नव्हतं. आणि "फ़ीवर दर्ज नहीं" याचा अर्थ मी ताप नाही असा घेतला होता. तिथे फक्त ताप नोंदलेला नाही, एवढंच लिहिलं होतं.

"मला दे," ताई म्हणाली.

ती एका बोटाने टाइप करते. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. तिने ना नमस्कार लिहिला, ना सल्ला. लिहिलं, "मेरे पेट में भी नली है। आख़िर में मुझे भी खींचता है, बाईं तरफ़। आपको?"

आम्ही वाट बघत बसलो. पंख्याचा आवाज तेवढा चालू होता. मी मधे दोनदा बोलायला गेलो, ताईने हातानेच गप्प केलं. मला वाटलं, गेला हा माणूस.

मग हिरवा ठिपका लागला.

"नीचे। दाहिनी तरफ़।"

ताईने लिहिलं, थंडी वाजते का.

उत्तर यायला वेळ लागला. "यहाँ लू चल रही है और मैं शॉल लेकर बैठी हूँ।"

बैठी हूँ. बाई होती.

ताईने स्वतःचा फोन नंबर तिला वेगळ्या संदेशात पाठवला. मी म्हटलं, अगं, अनोळखी माणसाला नंबर देतेस. ती म्हणाली, "आयुष्यभर अनोळखी माणसांचेच फोन जोडले." आणि आपला फोन हातात धरून बसून राहिली.

फोन आला. ताईने स्पीकर सुरू केला. आवाज साधारण ताईच्याच वयाच्या बाईचा होता, जड, आणि मधेच दात वाजल्यासारखा तुटत होता. ती हिंदीत बोलत होती, ताईही. मी इथे मराठीतच सांगतो.

बाई म्हणाली की ती नर्स होती. बरीच वर्षं डायलिसिसच्याच वॉर्डात. अशा नळ्या सांभाळायला तिने स्वतः लोकांना शिकवलं होतं. नवरा गेल्यावर एकटीच राहते, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला आहे. आपलं गाव तिने सांगितलं. ग्वाल्हेरहून गाडीने जायला अर्धा दिवस लागेल असं ते गाव. मला तिच्यासमोर हात धुवायची कृती लिहिल्याची आठवण झाली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण तो विचार करायची वेळ नव्हती.

"मग तुम्हाला सगळंच माहीत आहे," ताई म्हणाली.

"माहीत आहे म्हणूनच जात नाही," बाई म्हणाली. "गेले की नळी काढतील. मग मशीन. त्याच वॉर्डात, त्याच खुर्चीत. मी लोकांना त्या खुर्चीत बसवलेलं आहे." मग म्हणाली, "आणि कदाचित गढूळ नसेलही."

मी कागदावर खरडून ताईपुढे धरलं: "विचार, तुमच्या पेशंटने असा फोन केला असता तर काय सांगितलं असतं?" ताईने मान हलवून कागद बाजूला सारला.

"तुम्ही पेपरवर पिशवी ठेवलीत ना," ताईने विचारलं. "पिशवी बाजूला करून पेपर वाचून बघितलात का?"

पलीकडे काहीच आवाज नाही.

"माझे मोतीबिंदू काढायच्या आधी मलाही फक्त हेडलाइनच दिसायची," ताई म्हणाली.

मग ती बाई म्हणाली, "पिशवी नसली तरी खालचं दिसत नाही. शुगरने डोळे खाल्ले. फोनवरची अक्षरं मोठी करून कसंबसं वाचते, थर्मामीटर वाचता येत नाही. मुलाला सांगितलेलं नाही."

माझी ती वर्तमानपत्राची परीक्षा, जिच्यावरून मी तिला नवशिकी ठरवलं होतं, ती तिने बरोबरच केली होती आणि बरोबरच उत्तर दिलं होतं. पिशवी गढूळ आहे की आपले डोळे, एवढंच तिला कळत नव्हतं. नर्स म्हणून आयुष्यभर जे एका नजरेत सांगितलं, ते आता दुसऱ्या कुणाला तरी विचारायला हवं होतं, आणि विचारायचं तर डोळे गेलेत हेही सांगावं लागलं असतं.

"आता असं करू," ताई म्हणाली. "आपण नळीबद्दल काही बोलायचं नाही. पायात चप्पल आहे?"

"नाही."

"घाला. फोन चालू राहू दे."

चपलांचा आवाज आला.

"ती पिशवी दुसऱ्या एका पिशवीत घाला आणि गाठ मारा. तोवर मी आहे."

प्लास्टिकची सळसळ ऐकू आली. मधेच काहीतरी आपटलं आणि आवाज बंद झाला. ताईने "हॅलो" म्हटलं, पुन्हा म्हटलं. मी उभा राहिलो, जसं काही उभं राहून मला तिच्या गावी जाता आलं असतं. मग बाईचा आवाज आला, अगदी बारीक. चक्कर आली म्हणून ती पलंगाला धरून खाली बसली होती.

"शेजारी कोण आहे?" ताईने विचारलं.

"आहे एक. तिच्याशी बोलणं नाही माझं."

"का?"

"पाण्याच्या टाकीवरून. दोन वर्षं झाली."

"दार किती लांब आहे?"

"समोरच."

"मग टाकीचं उद्या बघा. आज दार वाजवा."

ती उठली, तिचं दार उघडल्याचा आवाज आला. मग समोरचं दार वाजवल्याचा. कोणी उघडेना. दुपारची वेळ, आत कूलर चालू असणार. सगळं गाव झोपलेलं असतं अशा वेळी. तिने पुन्हा वाजवलं. "नाही उघडत," ती म्हणाली, आणि त्या आवाजात मला एक प्रकारची सुटकाही ऐकू आली, आता परत जाऊन पडता येईल अशी. ताईलाही ती ऐकू आली असणार.

"हाताने नको, चपलेने वाजवा," ताई म्हणाली.

चपलेचे दणके आमच्या खोलीत ऐकू येत होते. कितीतरी वेळ. मग कडी निघाली आणि एका तरुण बाईचा झोपेतला, त्रासलेला आवाज आला, "क्या है?"

टाकीवरून दोन वर्षं न बोललेल्या माणसाशी पहिला शब्द काय बोलायचा, ते नर्सला सुचत नसावं.

"तिच्या हातात फोन द्या," ताई म्हणाली.

"हाँ जी, कौन?" शेजारीण म्हणाली.

मी ताईकडे बघत होतो. या बाईला ना नळी माहीत, ना पिशवी, ना किडनी. झोपेतून उठलेली आहे आणि समोर जिच्याशी भांडण आहे ती उभी आहे. तिला किती सांगायचं? मी असतो तर पहिल्यापासून सुरुवात केली असती.

ताई म्हणाली, "बेटा, इनके पेट में ज़हर फैल रहा है. इनको अभी, इसी वक़्त हॉस्पिटल ले जाओ. वो थैली साथ ले जाना, फेंकना मत. और इनका हाथ पकड़ो, इनको दिखता नहीं है."

मग शेजारणीचा आवाज आला, फोनपासून लांब गेलेला, "अरे आंटी, बताया क्यों नहीं," आणि घरात कुणालातरी गाडीची किल्ली आणायला सांगितल्याचा. फोन बंद झाला.

ताईने फोन मांडीवर ठेवला. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी पाणी आणलं तर तिने अर्धाच घोट घेतला, तिला पाणी मोजून प्यावं लागतं. बायको संध्याकाळी परत आली आणि आमचे चेहरे बघून म्हणाली, कुणी गेलं का, तेव्हा मी म्हटलं, अजून माहीत नाही.

रात्री जेवायच्या वेळेला त्या नंबरवरून शेजारणीचाच फोन आला. दाखल करून घेतलं होतं. ताप खूप चढला होता, डॉक्टर रागावले की इतका उशीर का. पिशवी घेऊन गेल्यामुळे तपासणी लगेच झाली. नळीचं काय, असं ताईने विचारलं. शेजारणीला नळीबद्दल काही सांगता आलं नाही. ती म्हणाली, "वो मशीन-मशीन बोल के रो रही हैं."

पुढचे काही दिवस वाईट गेले. मी फोरमवर कुणाला उत्तर दिलं नाही. कुणाचा प्रश्न दिसला की वाटायचं, हा जो लिहितो आहे तो कोण आहे ते मला माहीत नाही. पाणी म्हणणारा की एफ्लुएंट म्हणणारा, एवढंच मला माहीत आहे. ताईने एकदा विचारलं, लिहीत का नाहीस. मी म्हटलं, चुकतं माझं. ती म्हणाली, "चुकतं तर विचारत जा. तू विचारत नाहीस, ओळखतोस." मला राग आला होता. ती इतकी वर्षं माझ्याच हातांवर जगते आहे, असंही मनात येऊन गेलं.

मग नर्सचा फोन आला. नळी वाचली होती. औषध त्याच नळीतून पोटात देत होते आणि पाणी हळूहळू स्वच्छ होत होतं. ती ताईशी बोलली, माझ्याशी बोलायचं आहे म्हणाली. मी फोन घेतला आणि माफी मागायला लागलो. तिने मधेच तोडलं.

"तुम्ही लिहिलेलं सगळं बरोबर होतं," ती म्हणाली. "मीही तसंच लिहिलं असतं. फक्त मला ते ऐकायचं नव्हतं." मग म्हणाली, "टोपीबद्दल तुम्ही विचारलंत ना, तीच नीट बसली नव्हती. मला दिसलं नाही."

डॉक्टरांनी तिला एकटीने पिशवी बदलायला मनाई केली होती. मुलाने ये म्हटलं, ती गेली नाही. डोळ्यांचं त्याला अखेर सांगावं लागलंच. मदतीला कोण, तर ती शेजारीण तयार झाली. पण तिला शिकवणं नर्सला जमेना. ती शिकवायला बसली की रागवायची, शेजारीण रडायची, आणि टाकीचा विषय निघायचा. हे मला शेजारणीनेच सांगितलं. हॉस्पिटलात एकदा दाखवलं होतं, तेवढ्याने तिला धीर येत नव्हता. म्हणून नर्सने ताईकडून माझा नंबर घेऊन तिला दिला होता.

"आंटी कहती हैं, आप बहुत शुरू से समझाते हैं," ती म्हणाली. तिने ते कौतुक म्हणून सांगितलं. नर्सने ते कसं म्हटलं असेल ते मला ऐकू आलं.

आम्ही व्हिडिओ कॉलवर शिकायला बसलो. नर्स तिच्या पलंगावर, तोंड भिंतीकडे करून, मधे बोलायचं नाही या अटीवर. इकडे ताई माझ्या मागे, तीही त्याच अटीवर. मी शेजारणीला म्हटलं, मी काही सांगायच्या आधी तुम्ही विचारा. जे मनात असेल ते.

ती थोडी लाजली. मग तिने विचारलं, "साबणाने हात धुतले, हात स्वच्छ झाले. पण नळ तर मी घाणेरड्या हाताने उघडला होता. आता तो बंद कशाने करू?"

पलंगावरून नर्स काहीतरी पुटपुटली. मी शेजारणीला म्हटलं, कोपराने बंद होतो का बघा. ती मोरीत गेली, फोन बरोबर नेला. नळ जुना होता, फिरकीचा, कोपराने फिरेना. मग स्वच्छ कागदाच्या घडीत धरून बंद करायचं ठरलं, आणि ती कागद शोधायला गेली.